हे कुठं लिहून ठेवलंय का?

आमची कंपनी हिशेबाचं सॉफ्टवेअर करते. ऑफिसात सपोर्टची, म्हणजे गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्यांची, रांग चहाच्या मशीनला लागून आहे. कप भरेपर्यंत कुणाचा ना कुणाचा फोन अर्धामुर्धा कानावर पडतोच. २०२३ चा ऑगस्ट नुकता उलटला होता. पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं होऊन थोडेच दिवस झाले होते आणि सपोर्टच्या पोरींचे आवाज दुपारपर्यंतच बसायला लागले होते. इचलकरंजीचा एक सूत व्यापारी लाइनवर होता. मागे यंत्रमागांचा खडखडाट, मध्येच कुणीतरी ‘गाडी लागली’ म्हणून ओरडलं. त्याचं बिल चुकलं होतं. पार्टीचा जीएसटी नंबर भलताच पडला होता आणि बिल होतं परवाचं. आमची मुलगी सांगत होती, “काका, चोवीस तास उलटले की पोर्टलवर ते रद्द होत नाही. आता त्या बिलाची रक्कम वजा करायला क्रेडिट नोट काढा आणि बरोबर नंबरवर नवं बिल करा. पुढच्या वेळी वेळेत लक्षात आलं तरी आधी मालवाहतुकीचं ई-वे बिल रद्द करायचं, मग इनव्हॉइस. आणि तो बिल नंबर परत वापरू नका, पोर्टल घेत नाही.” पलीकडून जरा वेळ नुसते माग ऐकू आले. मग तो म्हणाला, “मॅडम, हे कुठं लिहून ठेवलंय का? सारखं तुम्हाला फोन करायला आम्हालाच लाज वाटतीया.”

ती म्हणाली, “व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, काका.”

मी कंटेंट टीममध्ये नुकतीच रुजू झाले होते. लिहून ठेवायचाच पगार मला मिळणार होता, म्हणून ते वाक्य जरा जास्तच लागलं. आमच्या वेबसाइटवर लेखांची कमी नव्हती. डिजिटल परिवर्तनाचे फायदे होते, क्लाउड म्हणजे काय हे होतं, आपल्या व्यवसायासाठी योग्य सॉफ्टवेअर कसं निवडावं हेही होतं (आमचं निवडावं). एका एजन्सीने करून दिलेली एक्सेल शीट होती. तिच्यात कीवर्ड, तो महिन्याला किती लोक शोधतात, आणि त्यावर गूगलमध्ये वर येणं किती अवघड, असे रकाने. शेजारच्या शीटमध्ये सणवार: पाडव्याला गुढीचं पोस्टर, अभियंता दिनाला विश्वेश्वरय्या, दिवाळीला लोगोखाली पणती. याला आम्ही स्ट्रॅटेजी म्हणायचो. त्या संध्याकाळी मी सपोर्टच्या मुलीला तिचा तो मेसेज दाखवायला सांगितला. लांबलचक होता, तिने स्वतःच बसून टाइप केलेला, पायरीगणिक आकडे घालून. “रोज जातो हा कुणाला तरी,” ती म्हणाली आणि एक फोटो दाखवला. एका गिऱ्हाइकाने त्या मेसेजची प्रिंट काढून, लॅमिनेट करून, संगणकाच्या वर चिकटवली होती. बाजूला लक्ष्मीचं कॅलेंडर, खाली धूळ बसलेला प्रिंटर. आमच्या एकाही लेखाला कुणी लॅमिनेट केलं नव्हतं.

नंतर कितीतरी दिवस मी त्या शीटकडे आणि त्या फोटोकडे आलटून पालटून बघत होते. शीट खोटी नव्हती. ‘अकाउंटिंग सॉफ्टवेअर’ शोधणारे लोक खरंच खूप आहेत. पण त्या शब्दावर सगळ्याच कंपन्या लिहितात, एकमेकींचं बघून लिहितात, आणि ते शोधणाऱ्याला बहुतेक वेळा नेमकं काय हवंय हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. चुकीच्या जीएसटी नंबरवर निघालेलं ई-इनव्हॉइस रद्द कसं करायचं, याच्यापुढे त्या शीटमध्ये जवळजवळ शून्य होतं. आपली माणसं ते इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून शोधतात, किंवा फोनला तोंड लावून बोलून शोधतात, किंवा शोधतच नाहीत, शेजारच्या गाळ्यात विचारतात. शीटला यातलं फारसं काही दिसत नाही. आणि जो शोधतो त्याची गाडी दारात उभी असते.

माझं आजोळ किर्लोस्करवाडीच्या शेजारचं. आजोबा कारखान्यात फाउंड्रीत होते. सुट्टीत गेलं की भोंग्यावर घड्याळ लावायचं, आणि दुपारी माळ्यावरच्या ट्रंकेतले जुने अंक उपसायचे. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’. कागद पिवळा पडून कडेला चुरायला आलेला, बाइंडिंगच्या खळीला कसर लागलेली, आणि एक विशिष्ट कोरडा, नाकात चढणारा वास. गोष्टी वाचायचे, व्यंगचित्रं बघायचे, आणि जाहिराती तर फारच आवडीने. हे मासिक एका नांगराच्या कारखान्यातून निघालं याचं तेव्हा काहीच वाटलं नव्हतं, कारण आमच्याकडे सगळंच त्या कारखान्यातून निघायचं. कंटेंट मार्केटिंगची, म्हणजे उपयोगाचं लिहून गिऱ्हाईक जोडायची, ट्रेनिंगं ऐकताना मात्र त्या ट्रंकेची आठवण यायला लागली. तिथे हटकून अमेरिकेतल्या जॉन डिअरच्या १८९५ सालच्या शेतकी मासिकाचं उदाहरण देतात, नाहीतर मिशेलिन या टायर कंपनीच्या १९०० सालच्या प्रवासी पुस्तिकेचं. पुण्यात बसून, मराठी माणसांना, मराठी माणूस हे सांगतो. आणि इकडे सांगली जिल्ह्यात, औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये उभ्या राहिलेल्या कारखान्यातून, १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघत होतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण खपेना. लोखंडाने जमिनीत विष भिनतं असं शेतकऱ्यांना वाटायचं. आजच्या भाषेत बोलायचं तर त्यांच्याकडे प्रॉडक्ट होतं आणि बाजाराचा त्याच्यावर भरवसा नव्हता. असला भरवसा जाहिरातीच्या चौकटीने येत नाही. माणूस नांगर घ्यायच्या आधी त्याच्या डोक्यातली शंका कुणीतरी बसून ऐकावी लागते. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे चित्रकार माणूस. कारखान्याची बातमीपत्रिका त्यांच्या हाती आली आणि काही वर्षांतच तिच्यातली नांगर-मोटेची खबर मागे पडून विज्ञान, उद्योग, कथा, चित्रं आणि समाजसुधारणेचे वाद पुढे आले. नावातली ‘खबर’ही गळाली. १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. यातल्या कितीतरी वाचकांना आयुष्यात कधी नांगर घ्यायचा नव्हता. माझ्या आजीलाही नव्हता. पण यंत्र आणि नवे विचार यांना न बिचकणारी एक पिढीच्या पिढी त्या अंकांनी तयार केली, आणि अशा घरात किर्लोस्कर हे नाव उंबरठ्यावर अडत नव्हतं. हे सगळं विक्रीसाठी केलं होतं का? थोडं विक्रीसाठी, थोडं शंकररावांच्या हौसेसाठी, आणि बरंचसं त्या काळाच्या ओढीने, असं मला वाटतं. पण आमच्या तिमाही रिपोर्टात ते कुठल्या रकान्यात बसलं असतं, हा प्रश्न मला मनोरंजक वाटतो.

सॉफ्टवेअरवाल्यांनी पुढे हेच केलं, फक्त कागद गेला. जोएल स्पोल्स्कीने २००० साली न्यूयॉर्कमध्ये छोटी कंपनी काढली आणि त्याच वर्षी ब्लॉगही. प्रोग्रामरांना चांगली खोली का द्यावी, टीम कशी आहे हे बारा प्रश्नांत कसं ओळखावं, असलं तो लिहायचा. कंपनी विकत होती बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, नोंदवायचं सॉफ्टवेअर, आणि ते घेणारेही प्रोग्रामरच. डिजिटलओशन भाड्याने सर्व्हर देते. तिचे धडे बघा. उबंटूवर वेब सर्व्हर कसा बसवायचा, फायरवॉल कशी लावायची. ते वाचून तुम्ही दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर चालवलात तरी धडा तसाच्या तसा लागू पडतो. आपल्याकडे झेरोधाची व्हर्सिटी आहे. शेअर बाजाराचे धडे, फुकट, नाव-नंबर न मागता, ऑप्शन्ससारखी धोक्याची गोष्टही सगळ्या हिशेबासकट समजावलेली. मीटिंगमध्ये कुणीतरी ‘आपणही व्हर्सिटीसारखं करू’ म्हणतोच. मला त्यात एक अडचण दिसते. या तिन्ही ठिकाणी वाचणारा आणि पैसे देणारा माणूस एकच आहे. आमच्याकडे तसं नाही. आमचं सॉफ्टवेअर दिवसभर वापरतो अकाउंटंट, चेक फाडतो शेठ, आणि कोणतं घ्यायचं हे बऱ्याचदा तिसराच ठरवतो, म्हणजे त्यांचा सीए. शेठ लेख वाचत नाही. शेठ विचारतो, “आमच्या पोराला जमेल का?”

मग टॅली आठवते, आमच्यासारखंच हिशेबाचं सॉफ्टवेअर. तालुक्याच्या कुठल्याही एसटी स्टँडसमोर उभं राहा. दुसऱ्या मजल्यावर, टायपिंगच्या जुन्या पाटीशेजारी, ‘एमएस-सीआयटी, डीटीपी, टॅली’ अशी पाटी असतेच. अंधारा जिना, चपलांचा ढीग, एका संगणकावर दोघी जणी, आणि पंख्याखाली फडफडणाऱ्या झेरॉक्स नोट्स. कॉमर्सच्या कितीतरी पिढ्या तिथे डेबिट-क्रेडिटबरोबर टॅलीची बटणं शिकल्या. बंगळूरूच्या कंपनीने १९८६ पासून हे सगळं आखून केलं असं मी म्हणणार नाही. क्लासवाल्याने ते आपल्या फीसाठी केलं, पोरांनी नोकरीसाठी. पण परिणाम असा की शेठने जाहिरातीत काय वाचलं याला काही अर्थच उरला नाही. कामाला येणारं पोर टॅली शिकूनच येतं. आमच्यासारख्या कंपनीपुढचा खरा डोंगर हा आहे, आणि तो कीवर्डच्या शीटमध्ये नाही. ज्याच्या बोटांना एक सवय लागली आहे, त्याला ऐन रिटर्नच्या तारखेला मदत मिळाली तर तो आपलं नाव लक्षात ठेवतो. तेवढी एकच फट आम्हाला आहे.

म्हणून आम्ही उलटीकडून सुरुवात केली. सपोर्टची टिकिटं, म्हणजे आलेल्या तक्रारींच्या नोंदी, काढली, सारखे येणारे प्रश्न लोकांच्याच शब्दांत लिहून काढले, आणि विषयांची यादी तिथून केली. ते वाचताना कळलं की निम्मं कॅलेंडर सरकारनेच आखून दिलेलं आहे. ई-इनव्हॉइस ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींवाल्यांना लागू झालं. मग शंभर, पन्नास, वीस, दहा, आणि ऑगस्ट २०२३ ला पाच कोटी. प्रत्येक पायरीला नवी माणसं पहिल्यांदा तोच प्रश्न विचारतात, पण ती एकाच तऱ्हेची नसतात. पाचशे कोटींवाल्याकडे आयटीचं खातं असतं, त्याला पोर्टलला जोडणीचा तांत्रिक तपशील हवा असतो. पाच कोटींवाल्याकडे आठवड्यातून दोनदा येणारा अकाउंटंट असतो, तोही इतर चार ठिकाणी जाणारा. त्याला स्क्रीनचा फोटो आणि त्यावर लाल बाण हवा असतो. एकच लेख दोघांना चालत नाही, आणि आमच्या आधीच्या सगळ्या लेखांनी पहिल्याशीच बोलायचं ठरवलं होतं, कारण तो इंग्रजीत वाचतो आणि त्याचं बिल मोठं असतं. मराठीत लिहायचं ठरलं तेव्हाही एक गंमत झाली. कुणीतरी ‘ई-बीजक’ लिहून आणलं. सपोर्टची मुलगी म्हणाली, “असं कुणी म्हणत नाही, सगळे बिलच म्हणतात.” तिथून पुढे प्रत्येक लेख आधी तिच्या हाताखालून जायला लागला, नंतर सीएच्या, आणि सर्वात शेवटी माझ्या.

खरं भांडण झालं ते फॉर्मवरून.

आमचा सेल्स हेड चांगला माणूस आहे. त्याच्या टीमचा पगार लीडवर ठरतो आणि लीड म्हणजे नाव आणि मोबाइल नंबर. त्याचं म्हणणं सरळ होतं: लेखाचा पहिला अर्धा भाग उघडा ठेव, दुसऱ्या अर्ध्यासाठी नंबर माग. सगळे तसंच करतात. मी त्याला इचलकरंजीच्या त्या काकांबद्दल सांगितलं. दारात गाडी उभी असताना चौथ्या पायरीपाशी ‘पुढे वाचण्यासाठी आपला नंबर द्या’ असं आलं तर तो काय करेल? देईल नंबर, बिचारा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, ऐन बोहनीच्या वेळी, त्याला फोन येईल, “सर, आपल्याला डेमोमध्ये इंटरेस्ट होता?” त्यानंतर तो आमचा नंबर कोणत्या नावाने सेव्ह करेल हे मला दिसत होतं. सेल्स हेड म्हणाला, “तू म्हणतेस ते पटतं. पण मार्चअखेर मी वर काय दाखवू? आपण काय फुकट क्लास काढलाय का?” याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. कारण वाचणाऱ्यांत कितीतरी जण दुसऱ्याच कंपनीचं सॉफ्टवेअर वापरत होते, काही टॅलीच्या क्लासमधली पोरं होती, आणि जे खरोखर गिऱ्हाईक झाले ते लेखामुळे झाले की सीएने सांगितलं म्हणून, हे सांगणं कठीण होतं. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरते. आमच्या डॅशबोर्डवर तो माणूस ‘डायरेक्ट’ म्हणून येतो, म्हणजे कुठून आला कळलं नाही. शेवटी तडजोड झाली. लेख पूर्ण उघडे. क्रेडिट नोटच्या तयार एक्सेल नमुन्यासाठी मात्र नंबर, आणि फोन करायचा की नाही हे विचारणारा चौकोन. तो चौकोन आधीपासून टिक केलेला नसावा यावर आणखी एक मीटिंग झाली.

या कामाबद्दल माझ्या मनात दोन मतं आहेत आणि ती काही एकमेकांशी बोलत नाहीत. कॉलेजात असताना मला कथा लिहायच्या होत्या. आता मी रिटर्नमधल्या दुरुस्तीवर लिहिते, आणि कितीही प्रामाणिकपणे लिहिलं तरी खाली कंपनीचा लोगो असतो. मदतीच्या आडून विकणं, हे जरा खटकतंच. एकदा मी एका लेखात सरळ लिहिलं, की तुमची उलाढाल २०१७-१८ पासून कुठल्याच वर्षी पाच कोटींच्या वर गेली नसेल तर ई-इनव्हॉइस तुम्हाला लागू नाही, त्यासाठी आत्ता काही विकत घेऊ नका. ते वाक्य राहू द्यायला बरंच समजवावं लागलं. पण त्याच लेखाचा स्क्रीनशॉट सीएंच्या एका ग्रुपवर फिरला, तेच वाक्य पिवळं करून. सीए मंडळींना विकणाऱ्यांची सवय असते. न विकणारं वाक्य त्यांना लगेच दिसतं. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो कथा छापून आल्यासारखा होता का? नाही. पण त्याच्या घरातलाच कुणीतरी होता.

३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जीएसटी कौन्सिलने दर बदलल्याचं जाहीर केलं तेव्हा गणपती बसलेले होते. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी मोडीत, लागू होणार २२ तारखेपासून, म्हणजे घटस्थापनेला. खरेदीचा हंगाम तोंडावर. आमच्या ऑफिसात मोदकांचा डबा टेबलावर तसाच, आणि सगळे आपापल्या स्क्रीनवर. डेव्हलपर दरांचं टेबल बदलत होते, सपोर्टचे फोन सकाळी सुरू झाले ते थांबेनात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, “गोदामात पडलेल्या जुन्या मालाचं काय?” आता हा प्रश्न कुणाच्या शीटमध्ये असणार? कालपर्यंत तो अस्तित्वातच नव्हता. आम्ही तो ऐकल्या ऐकल्या लिहायला घेतला. माल कधी घेतला याला महत्त्व नाही. पुरवठा २२ ला किंवा त्यानंतर झाला तर नवा दर. माल पूर्ण करमुक्त झाला नसेल तर खरेदीवर जुन्या दराने भरलेल्या कराचं क्रेडिट जात नाही. मात्र बिलही आधीचं आणि पैसेही आधी आलेले असतील तर जीएसटी कायद्यातलं कलम १४ उघडावं लागतं, तिथे हिशेब बदलतो. हे शेवटचं वाक्य सीएने आमच्याकडून तीनदा लिहून घेतलं. त्यानंतर आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दर कुठे बदलायचा हे अगदी शेवटी, लाल बाणासकट. लेख गेला, आणि लगेच दुसरं काम उभं राहिलं, जुने लेख शोधून काढायचं. ज्या ज्या उदाहरणात १२ टक्के लिहिले होते ते सगळं आता चुकीचं झालं होतं. नवीन लिहिण्याला टाळ्या मिळतात, जुनं दुरुस्त करण्याला कुणी विचारत नाही. सॉफ्टवेअर कंपनी आपल्या कोडमधला बग रातोरात काढते आणि लेखातला बग वर्षानुवर्षं तसाच ठेवते, याचं मला नवल वाटतं. कर चुकीचा भरला गेला तर वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच महाग पडतात.

२०२४ च्या ऑगस्टपासून गूगलही आपल्याकडे शोधाच्या वर यंत्राने जुळवलेलं उत्तर दाखवायला लागलं आहे. क्लाउड म्हणजे काय, डिजिटल परिवर्तनाचे फायदे कोणते, हे वाचायला आता आमच्या दारात कुणी यायचं कारण उरलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटत नाही. तसले लेख यंत्र आमच्यापेक्षा नीट लिहितं. पण इचलकरंजीचं बिल नेमकं कोणत्या स्क्रीनवर अडतं, तिथला एरर वाचून माणूस काय समजतो आणि प्रत्यक्षात त्याचा अर्थ काय असतो, हे सपोर्टच्या त्या रांगेतच कळतं. आता त्या मुलीचा अर्धा दिवस कंटेंट टीमकडे असतो. पगार कोणत्या खात्यातून द्यायचा यावर अजून ईमेल चालू आहेत.

सेल्स हेडशी माझं भांडण मिटलेलं नाही. नव्या वर्षाच्या बजेटच्या वेळी त्याने फॉर्मचा विषय पुन्हा काढला आणि मी पुन्हा तेच बोलले. परवा मात्र त्याचा मेसेज आला. बार्शीच्या एका पार्टीशी बोलणी चालू होती आणि त्यांच्या सीएला त्या जुन्या मालाच्या लेखाची लिंक हवी होती. मी पाठवली. लगेच दुसरा मेसेज, “खाली माझा नंबर टाकता येईल का? छोटा टाक.”

टाकला. छोटा.